एकधारी की दुधारी : हाताने घडवलेल्या लढाऊ सुरीमागचा जुना वाद

लढाऊ सुरी स्वतःच्या हाताने घडवायला बसलेल्या कारागिराला पोलादाची जात, पात्याची लांबी किंवा मुठीचे लाकूड ठरवण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, तो म्हणजे धार एका बाजूला ठेवायची की दोन्ही. मराठीत सुरा आणि खंजीर असे दोन निराळे शब्द असल्यामुळे आपल्याला हा फरक बोलतानाही जाणवतो. इंग्रजीत मात्र ‘फायटिंग नाइफ’ या एकाच नावाखाली दोन्ही मोडतात आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गारगोटीच्या, काशाच्या आणि पुढे लोखंडाच्या खंजिरांची परंपरा हजारो वर्षांची असली, तरी आजचा कारागीर ज्या नमुन्यांवरून आराखडा काढतो ते जवळजवळ सगळे गेल्या दोनशे वर्षांतले आहेत.

त्यांतला पहिला नमुना बोवी सुरीचा, म्हणजे जिम बोवी या अमेरिकी माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरीचा. 1827 साली मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या झटापटीनंतर या सुरीचा एवढा बोलबाला झाला, की 1837 मध्ये अलाबामा राज्याने अशा सुरीच्या प्रत्येक विक्रीवर 100 डॉलर कर बसवला आणि पुढच्याच वर्षी टेनेसीने तिच्या विक्रीवर बंदी घातली. मूळ सुरी नेमकी कशी दिसत होती याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. नंतर रूढ झालेल्या रूपात पाते रुंद आणि एकधारी असते, परंतु टोकाकडे पाठ आत वळवून तेवढ्या भागाला दुसरी, आखूड धार लावलेली असते. एकधारी आणि दुधारी यांच्यातली ही तडजोड आजतागायत टिकून आहे.

वाद खरा पेटला तो दुसऱ्या महायुद्धात. 1941 पासून ब्रिटिश कमांडोंच्या हाती आलेला खंजीर सडपातळ, दुधारी आणि मुख्यतः भोसकण्यासाठी आखलेला होता. त्याचे पाते जेमतेम साडेसहा ते सात इंचांचे होते आणि बाटलीच्या आकाराची मूठ गोल होती. दिसायला हा खंजीर देखणा होता यात शंका नाही; त्याची आकृती पुढे लष्करी बोधचिन्हांवर झळकली, हे उगाच नव्हे. पण टोक बारीक असल्यामुळे ते मोडल्याच्या तक्रारी येत राहिल्या. त्याच धर्तीवर 1942 मध्ये अमेरिकी मरीन छापामारांसाठी केलेल्या खंजिराची मूठ जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली होती आणि काळाच्या ओघात तिला तडे जाऊन ती भुगा होऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस मरीन दलाने स्वीकारलेली सुरी मात्र सात इंची, एकधारी, बोवीच्या वळणाची होती आणि तिची मूठ चामड्याच्या चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेली होती. सैनिक सुरी वापरतो ती बहुतेक वेळा पेट्या उघडायला, दोर कापायला आणि खुंट्या तासायला. त्या कामांत ही सुरी टिकली.

या निकालामागे साधी भूमिती आहे. 25 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड पट्टी घेतली, तर एकधारी पात्यात जाडी पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण 25 मिलिमीटरमध्ये उतरत जाते आणि दोन्ही अंगांमध्ये मिळून सुमारे 11 अंशांचा कोन होतो. दुधारी पात्यात सर्वांत जाड भाग मधोमध असल्यामुळे उतरायला साडेबाराच मिलिमीटर मिळतात आणि कोन जवळपास दुप्पट, म्हणजे 23 अंशांच्या आसपास जातो. असे पाते आत घुसते छान, पण कापताना अडखळते. घडवणाऱ्यालाही ते दुप्पट छळते, कारण दोनाऐवजी चार उतार घासायचे असतात आणि मधला कणा परजेपासून टोकापर्यंत सरळ राखायचा असतो. एका उतारावर ग्राइंडरचा एक हात जास्त फिरला, की कणा अर्ध्या मिलिमीटरने सरकतो आणि ते डोळ्याला लगेच खुपते. तो मध्यावर आणण्यासाठी उरलेले तीन उतार घासावे लागतात आणि तेवढ्यात पाते नको इतके पातळ झालेले असते. पाणी पाजताना, म्हणजे पाते तापवून व एकदम थंड करून कडक करतानाही, कडा दोन्हीकडे पातळ असल्याने भट्टीत आधी त्याच तापतात आणि जळण्याची भीती दोन्हीकडे राहते. एकधारी पाते मात्र तेलात बुडवताच धारेकडून आधी थंड होते आणि वाकडे होऊ शकते, हेही नोंदवले पाहिजे.

युद्धकाळात फ्लोरिडातल्या एका कारागिराकडून सैनिक पत्राने सुऱ्या मागवत असत आणि हाताने घडवलेल्या आधुनिक लढाऊ सुरीचा बाजार बऱ्याच अंशी तिथून उभा राहिला. त्याचा गाजलेला नमुनाही बोवीच्याच तडजोडीचा होता. व्हिएतनाम युद्धानंतर पात्याएवढ्याच रुंदीची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत नेण्याची आणि तिच्या दोन्ही अंगांना रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाच्या फळ्या रिबिटांनी जोडण्याची पद्धत वाढली. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात थरांच्या नक्षीदार पोलादाची पाती मांडली गेली, तेव्हापासून घणाने घडवणाऱ्यांची संख्याही वाढू लागली.

1976 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या पाते घडवणाऱ्या लोहारांच्या संघटनेने या दोन आकारांची वाटणीच करून टाकली आहे. तिच्या परीक्षेत सुरीने लोंबकळता एक इंची दोर एका वारात तोडावा लागतो, दोन इंच बाय चार इंचांची लाकडी फळी दोनदा तोडावी लागते, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघावे लागतात आणि शेवटी पाते शेगड्यात (पकडून धरणाऱ्या वाइसमध्ये) धरून न तुटता 90 अंशांत वाकवावे लागते. या कामाला एकधारी पातेच आणले जाते. दुधारी खंजीर लागतो तो वरच्या पदवीसाठी. तिथे त्याच्याकडून काही कापून घेत नाहीत, परीक्षक फक्त कण्याची रेषा, दोन्ही बाजूंचा तोल आणि पन्हळी मुठीवर पीळ देऊन गुंडाळलेली तार पाहतात.