क्लोरिनला न जुमानणारे जुलाब

सोलापुरात तान्ह्या बाळाला जुलाब लागले की घरातली म्हातारी सांगते, "दात यायलेत, होतंयच." दोन-तीन दिवसांत थांबले तर ते खरंही वाटतं. पण पंधरा दिवस उलटले, बाळ सुकत चाललंय आणि दुपटी बदलणं काही थांबत नाही, तेव्हा एकपेशीय परजीवीचा (एकाच पेशीच्या, दुसऱ्याच्या शरीरात जगणाऱ्या जिवाचा) संशय घ्यावा लागतो.

यातला सर्वांत जुना ओळखीचा जिआर्डिया. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या डच लेव्हेनहुकने १६८१ मध्ये स्वतःच्याच पातळ शौचात तो भिंगाखाली पाहिला. १८५९ मध्ये प्रागच्या लांबल या डॉक्टरने मुलांच्या शौचात पाहून त्याचं वर्णन केलं. तरी पुढे कित्येक वर्षं डॉक्टर त्याला निरुपद्रवीच समजत. अमीबा १८७५ मध्ये लोश या डॉक्टरला सेंट पीटर्सबर्गमध्ये सापडला. आव पडली की आपण अमीबालाच धरतो. लहान मुलांच्या रक्ती आवेमागे मात्र बहुतेकदा शिगेला हा जिवाणू असतो.

खरा चकवा दिला तो क्रिप्टोस्पोरिडियम या तिसऱ्या परजीवीने. टायझर या अमेरिकन संशोधकाने १९०७ मध्ये तो उंदरांत पाहिला, माणसात तो सापडायला १९७६ उजाडलं. जेमतेम पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), साध्या तपासणीत नजरेतून सुटणारा. क्षयाचे जंतू ज्या पद्धतीने रंगवतात, तिच्यात थोडा बदल केला की काचपट्टीवर लालसर गोळ्या दिसू लागतात. मुद्दाम सांगितल्याशिवाय लॅबवाला हे करत नाही, आणि सांगणारे कमीच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळलेल्या, क्लोरिन घातलेल्या पाण्यातून त्याने सुमारे चार लाख लोक आजारी पाडले. पाण्यात नेहमी टाकतो तेवढ्या क्लोरिनने तो मरत नाही. उकळलं की मरतो.

सोलापूरकराला हे नीट कळेल. १८७१ मध्ये एकरुख तलाव झाला, नंतर उजनी धरणाचं पाणी आलं, तरी नळ येतो तीन-चार दिवसांआड. मधल्या काळात पाइप रिकामा, आणि शेजारून गटार गेलेलं असलं तर फटीतून घाण आत ओढली जाते. नळाला थेट मोटर लावून पाणी खेचलं की ती आणखी ओढली जाते. म्हणूनच बायका पहिलं गढूळ पाणी सोडून देतात. उरलेलं पिंपात राहतं, त्यात पोरं हात घालतात, आणि क्लोरिनचे थेंब टाकले की काम झालं असं घर धरून चालतं.

क्रिप्टोस्पोरिडियमचं वजन आकड्यांत दिसलं ते २०१३ मध्ये. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी, गंभीर जुलाबाच्या नऊ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आतल्या बाळांत जुलाबाच्या कारणांत रोटाव्हायरस या विषाणूच्या खालोखाल हाच. एक ते दोन वर्षांच्या मुलांत तर मृत्यूचा धोकाही त्याच्याशी जोडलेला आढळला. रोटाव्हायरसची लस आता सरकारी लसीकरणात मिळते. याची लस नाही. नायटाझोक्झानाइड हे औषध अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं, तेही वर्षावरच्या मुलांसाठी, आणि कुपोषित मुलांत त्याचा गुण कमीच येतो.