स्टँडिश, मायल्स

स्टँडिश, मायल्स : (सु. १५८४ – ३ ऑक्टोबर १६५६). उत्तर अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीचा इंग्रज लष्करी प्रमुख आणि डक्सबरी गावाच्या आद्य वसाहतकऱ्यांपैकी एक. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या १०२ प्रवाशांत तो होता. मात्र धर्मस्वातंत्र्यासाठी देश सोडणाऱ्या पंथीयांपैकी तो नव्हता, त्यांनी सोबत घेतलेला शिपाईगडी होता. नोंदीतील तारखा त्या काळी इंग्लंडमध्ये चालू असलेल्या ज्यूलियन कालगणनेप्रमाणे आहेत. ती आजच्या कालगणनेपेक्षा दहा दिवस मागे होती. तिथे नवे साल २५ मार्चला लागे. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील घटनांचे साल जुन्या कागदांत एकाने कमी दिसते. येथे साल १ जानेवारीपासून धरले आहे.

जन्मस्थान व घराणे : स्टँडिशचा जन्म कोठे झाला, हा वाद शे-दीडशे वर्षे चालला असून त्याचे मूळ त्याच्याच मृत्युपत्रातील एका कलमात आहे. ७ मार्च १६५६ रोजी केलेल्या या मृत्युपत्रात त्याने थोरला मुलगा अलेक्झांडर याला ऑर्म्सकर्क, बर्सकॉ, रायटिंग्टन, मॉडस्ली, न्यूबरो, क्रॉस्टन आणि आइल ऑफ मॅन येथील जमिनी दिल्या आहेत. आपला पणजा हा स्टँडिश गावच्या स्टँडिश घराण्यातील दुसरा किंवा धाकटा भाऊ होता, वारसाहक्काने या जमिनी आपल्याच आहेत, पण त्या लबाडीने अडकवून ठेवल्या गेल्या, असे तो त्यात म्हणतो. म्हणजे ताब्यात नसलेली इस्टेट त्याने मुलाच्या नावे केली. भाऊबंदकीचे असे दावे त्या काळच्या इंग्लंडात पुष्कळ होते. यातील विशेष एवढाच की दावेदार समुद्रापलीकडे होता आणि छत्तीस वर्षे लोटल्यावरही त्याने दावा सोडला नव्हता.

दुसरा आधार नाथॅनिएल मॉर्टन याचा. वसाहतीचा सचिव असलेल्या मॉर्टनने १६६९ मध्ये छापलेल्या इतिवृत्तात स्टँडिशचा जन्म वायव्य इंग्लंडमधील लँकाशर परगण्यातला असल्याचे म्हटले आहे. पुढे तो अडकवून ठेवलेल्या इस्टेटीबद्दल जे लिहितो ते मृत्युपत्राच्या शब्दांशी इतके जुळते की त्याला स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. परंतु लँकाशरचा उल्लेख मृत्युपत्रात नाही. तो मॉर्टनच्या स्वतःच्या माहितीतला असणार. मॉर्टन स्टँडिशला प्रत्यक्ष ओळखत होता, म्हणून या एका शब्दाला वजन आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखकांनी या दोन आधारांवरून स्टँडिशला चोर्लीजवळच्या डक्सबरी हॉलच्या स्टँडिश घराण्याशी जोडले. अमेरिकेतील त्याच्या गावाचे नावही डक्सबरी होते, हे मुख्य कारण. १८४६ च्या सुमारास वंशजांनी इस्टेटीच्या आशेने इंग्लंडला माणूस पाठवला. चोर्लीच्या चर्चमधील जन्मनोंदींच्या वहीत १५८४ च्या सुमाराचे पान त्याला वाचता येईना. ते कोणीतरी मुद्दाम घासून पुसले, असा बोभाटा झाला आणि पुढच्या कित्येक चरित्रांत तो सत्य म्हणून शिरला. जुन्या वह्यांची पाने ओलीने आणि हाताळण्याने पुसट होतात, हे साधे कारण फारसे कोणी विचारात घेतले नाही. जन्मसाल १५८४ हेही भक्कम नाही, म्हणूनच ते ‘सुमारे’ असे द्यावे लागते.

या मताला पहिला जोरदार धक्का १९१४ मध्ये टॉमस क्रडस पोर्टियस या लँकाशरमधील अभ्यासकाने दिला. मृत्युपत्रातील गावांच्या यादीत डक्सबरी नाही आणि चोर्लीही नाही, याकडे त्याने लक्ष वेधले. त्या सहा गावांतील जमिनींचे जुने दस्त त्याने तपासले, तेव्हा त्या जमिनी ऑर्म्सकर्क येथील स्टँडिशांकडे असल्याचे दिसले. ही स्टँडिश गावच्या मूळ घराण्याचीच धाकटी पाती होती. म्हणजे पणज्याचा उल्लेखही जुळतो. या पातीचा एक फाटा आइल ऑफ मॅनमध्ये होता. १९८० च्या दशकात त्या बेटावरील जी. व्ही. सी. यंग याने हेच सूत्र पुढे नेऊन स्टँडिश तिथेच, एलनबेन येथे जन्मला असावा, असे मांडले. हे मत पुष्कळ गाजले. अलीकडे लँकाशरच्या बाजूनेही पुन्हा लेखन झाले आहे.

दोन्ही मतांत जमीनजुमल्याविषयी फारसा विरोध नाही. आइल ऑफ मॅनचे अधिपती स्टॅन्ली घराण्याचे होते, हेच घराणे डर्बीचे अर्ल, आणि त्यांचे लेदम येथील प्रमुख निवासस्थान ऑर्म्सकर्कपासून जवळ होते. त्यांच्या आश्रयातील कुटुंबांची माणसे बेटावर जाऊन वसणे स्वाभाविक होते; एकाच घराण्याची जमीन दोन्हीकडे असण्यात नवल नाही. मतभेद उरतो तो मायल्स स्वतः कोठे जन्मला, एवढ्यापुरता. तिथे मॉर्टनचा ‘लँकाशर’ बाजूला सारायला जेवढा सबळ पुरावा हवा तेवढा बेटाच्या बाजूने पुढे आलेला नाही. तेव्हा ऑर्म्सकर्कची पाती आणि जन्म लँकाशरमध्ये, हे अनुमान तूर्त अधिक सयुक्तिक वाटते.

नेदर्लंड्समधील नोकरी : स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डचांना इंग्लंडची फौज १५८५ पासून मदत करीत होती. स्टँडिशने तिथे शिपाईगिरी केली, असे मॉर्टन सांगतो. एलिझाबेथ राणीच्या काळात त्याला लेफ्टनंटची सनद मिळाली होती, ही माहिती एकोणिसाव्या शतकात डक्सबरीचा इतिहासकार जस्टिन विन्सर याने दिली. ती परंपरागत म्हणून घ्यावी. १६०९ मध्ये बारा वर्षांचा तह झाला आणि पुष्कळ शिपाई मोकळे झाले. स्टँडिशची लायडन येथील इंग्रज विभक्ततावादी (इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या) मंडळींशी आणि त्यांचा धर्मोपदेशक जॉन रॉबिन्सन याच्याशी ओळख झाली ती याच मुलखात. या मंडळींना अमेरिकेत जाताना संरक्षणासाठी अनुभवी माणूस हवा होता. व्हर्जिनियात नाव कमावलेला जॉन स्मिथही त्या कामास उत्सुक होता, पण निवड स्टँडिशची झाली. तो त्यांच्या चर्चचा सभासद झाल्याची नोंद मिळत नाही. त्यावरून तो गुप्तपणे कॅथलिक होता असा तर्क काहींनी केला, कारण स्टँडिश गावचे घराणे कॅथलिक होते. मात्र त्याच्या घरातील प्रॉटेस्टंट ग्रंथ पाहता हा तर्क टिकत नाही.

पहिला हिवाळा : ११ नोव्हेंबर १६२० रोजी जहाज केप कॉडच्या टोकाशी नांगरले. वसाहतीच्या कारभाराविषयी त्याच दिवशी केलेल्या करारनाम्यावर स्वाक्षऱ्या करणाऱ्या ४१ जणांत स्टँडिश होता. चार दिवसांनी सोळा माणसे घेऊन तो किनाऱ्याच्या पाहणीस निघाला. स्थानिकांनी वाळूत पुरून ठेवलेला मका याच शोधात सापडला आणि पाहुण्यांनी तो उचलून नेला.

८ डिसेंबरच्या पहाटे, आजच्या ईस्टमजवळ, या टोळीवर बाणांचा वर्षाव झाला. या चकमकीचे समकालीन वर्णन शस्त्रांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. बहुतेकांकडे तोड्याच्या बंदुका होत्या. त्यांची जामगी (बार उडवणारी जळती वात) पेटलेली नसेल तर बंदूक म्हणजे नुसता दांडा. काहींनी तर हत्यारे आधीच होडीकडे नेऊन ठेवली होती. स्टँडिशकडे गारगोटीच्या चापाची बंदूक तयार होती. तिला विस्तव लागत नसे. पहिला बार त्यानेच काढला. जामग्या पेटवण्यासाठी एकाने शेकोटीतला जळता ओंडका खांद्यावर घेतला आणि होडीजवळच्या साथीदारांपर्यंत नेला. दोन्हीकडे कोणी दगावले नाही.

त्या हिवाळ्यात वसाहतीतील सुमारे निम्मी माणसे मेली. स्टँडिशची पत्नी रोझ २९ जानेवारी १६२१ रोजी वारली. रोग शिगेला पोचला तेव्हा धडधाकट उरलेल्या सहा-सात जणांत स्टँडिश आणि चर्चचा वडील (एल्डर) विल्यम ब्रूस्टर होते. त्यांनी सरपण आणले, अन्न रांधले, मळलेले कपडे धुतले, असे वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड लिहितो. ब्रॅडफर्डचे हस्तलिखित दीर्घकाळ हरवलेले होते. ते लंडनमधील फुलम राजवाड्यात सापडले आणि १८५६ मध्ये छापले गेले. 

लष्करी व्यवस्था : १७ फेब्रुवारी १६२१ रोजी वसाहतीने त्याला कॅप्टन निवडले. मार्चमध्ये वाम्पानोआग लोकांचा प्रमुख ओसामेक्विन (इंग्रज त्याला मॅसासॉइट म्हणत) याच्याशी तह झाला. त्याच लोकांपैकी हॉबॉमॉक पुढे स्टँडिशच्या घराशेजारी राहून दुभाषी व सल्लागार झाला. त्या वर्षीच्या अखेरीस शेजारच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या प्रमुखाकडून आव्हान म्हणून सापाच्या कातड्यात गुंडाळलेले बाण आले. इंग्रजांनी ते कातडे दारूगोळा भरून परत पाठवले खरे, पण भीतीही घेतली. स्टँडिशच्या सल्ल्याने सगळ्या वस्तीभोवती लाकडी मेढेकोट उभारला गेला आणि पुरुषांच्या चार तुकड्या पाडल्या गेल्या. १६२२ मध्ये टेकडीवर लाकडी गढी बांधली. तिच्या माथ्यावर सहा तोफा आणि खालच्या मजल्यावर प्रार्थनेची जागा. काही वर्षांनी आलेला डच पाहुणा इसाक द रासियेर सांगतो की, रविवारी नगारा वाजला की पुरुष बंदुका घेऊन कॅप्टनच्या दाराशी जमत आणि तिघातिघांच्या रांगांनी चढ चढत. मागून लांब झग्यात गव्हर्नर, त्याच्या उजव्या हाताला उपदेशक, डाव्या हाताला कमरेस हत्यार लावलेला कॅप्टन. हातात एक छोटी छडी.

वेसागसेटचे हत्याकांड : टॉमस वेस्टन या लंडनच्या व्यापाऱ्याने १६२२ मध्ये वेसागसेट (आजचे वेमथ) येथे स्वतंत्र वसाहत घातली. तिथली माणसे उपाशी पडून तिथल्या मॅसॅचूसेट्स या मूळ रहिवाशांचे धान्य चोरू लागली. मार्च १६२३ मध्ये आजारी ओसामेक्विनची प्लिमथच्या एडवर्ड विन्स्लो याने शुश्रूषा केली, तेव्हा दोन्ही वसाहतींवर हल्ल्याचा कट असल्याची बातमी हॉबॉमॉकमार्फत त्याच्या कानी आली. स्टँडिश आठ माणसे घेऊन वेसागसेटला गेला. मॅसॅचूसेट्स लोकांतील पेक्सुअट नावाच्या धिप्पाड योद्ध्याने, तू मोठा कॅप्टन असशील पण माणूस छोटाच, असे त्याला हिणवले. दुसऱ्या दिवशी पेक्सुअट, त्याच लोकांतील विटुवामॅट आणि आणखी दोघे एका घरात असताना स्टँडिशने दार लावून घेण्याची खूण केली. पेक्सुअटच्या गळ्यातला सुरा ओढून त्याने त्याच सुऱ्याने त्याला मारले. विटुवामॅट व तिसरा तिथेच पडले. विटुवामॅटच्या अठरा वर्षांच्या भावाला फाशी दिले. एकूण सात जण मारले गेले. विटुवामॅटचे शिर प्लिमथच्या गढीवर लावण्यात आले.

कट खरा होता का, यावर एकमत नाही. जुन्या न्यू इंग्लंडी इतिहासकारांनी तो गृहीत धरला. अलीकडचे अभ्यासक दाखवतात की, सगळी हकीकत मुख्यतः विन्स्लोच्या लेखनावर उभी आहे आणि ते लेखन लंडनमधील टीकेला उत्तर म्हणून १६२४ मध्ये छापले होते. धान्यचोरीने चिडलेल्यांनी वेस्टनची वसाहत उधळण्याचा बेत केला असणे शक्य आहे. प्लिमथही त्यांच्या निशाण्यावर होते, हा भाग अधिक संशयास्पद ठरतो. परिणाम मात्र निर्विवाद आहेत. भयभीत स्थानिक दलदलीत पळाले, पेरण्या बुडाल्या, रोगाने व उपासमारीने कित्येक दगावले आणि वसाहतीचा कातड्यांचा व्यापार बसला. लायडनहून रॉबिन्सनने डिसेंबर १६२३ मध्ये कळवले की, कोणाला मारण्याआधी काहींना ख्रिस्ताकडे वळवले असते तर किती बरे झाले असते. कॅप्टनवर आपले प्रेम आहे, पण मनुष्यजीवाविषयीचा कळवळा त्याच्या ठायी कमी असावा, अशी शंकाही त्याने त्याच पत्रात बोलून दाखवली.

उत्तरायुष्य : १६२३ मध्ये ‘ॲन’ जहाजातून आलेल्या बार्बराशी त्याने दुसरे लग्न केले, त्यांना सात मुले झाली. १६२५ मध्ये वसाहतीत पैसा गुंतवलेल्या भांडवलदारांशी बोलणी करण्यासाठी तो लंडनला गेला. शहरात प्लेग होता. दीडशे पौंड कर्ज मिळाले, तेही पन्नास टक्के व्याजाने. १६२८ मध्ये आजच्या क्विन्सी येथे मेपोल उभारून नाचगाणी करणाऱ्या आणि स्थानिकांना बंदुका विकणाऱ्या टॉमस मॉर्टनला (वर उल्लेखिलेला नाथॅनिएल तो वेगळा) त्याने पकडले. मॉर्टनने नंतर छापील पुस्तकात त्याला ‘कॅप्टन कोळंबी’ म्हणून सूड उगवला. १६३५ मध्ये वसाहतीचे पनॉब्स्कॉट येथील व्यापारी ठाणे फ्रेंचांकडून परत घेण्याची मोहीम सपशेल फसली : भाड्याच्या जहाजाचा कप्तान गर्लिंग याने लांबूनच तोफा डागून सारी दारू संपवली. १६३२ च्या सुमारास स्टँडिश डक्सबरीस राहायला गेला. १६४४ ते १६४९ या काळात तो वसाहतीचा खजिनदार होता.

मूतखड्याच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. घरातल्या चीजवस्तूंच्या यादीत बंदुका, तलवार, बैल, घोड्या यांच्याबरोबर सीझरची युद्धवर्णने, होमरचे ‘इलियड’, बॅरिफचा कवायतीवरील ग्रंथ आणि पुष्कळशी धार्मिक पुस्तके आहेत. मृत्युपत्रात त्याने रॉबिन्सनची नात मर्सी हिला, तिच्या आजोबांखातर आपला तिच्यावर जीव आहे असे म्हणून, तीन पौंड ठेवले. आपल्याला मुलगी लोरा आणि सून मेरी यांच्याजवळ पुरावे, असेही त्यात लिहिले आहे. लोराने विणलेला भरतकामाचा नमुना प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे.

प्रतिमा व स्मारके : आज स्टँडिश सर्वाधिक ओळखला जातो तो अमेरिकन कवी लाँगफेलो याच्या १८५८ मधील ‘द कोर्टशिप ऑफ माइल्स स्टँडिश’ या काव्यामुळे. वसाहतीतील प्रिसिला मलिन्सला मागणी घालण्यासाठी तो तिथल्याच जॉन ऑल्डनला पाठवतो, ही त्यातील कथा ऑल्डन वंशजांत चालत आलेली असून तिला समकालीन आधार नाही. कवी स्वतः त्याच वंशातला होता. डक्सबरीच्या कॅप्टन्स हिलवर ११६ फूट उंच मनोरा आहे; कोनशिला १८७२ मध्ये बसली, काम १८९८ मध्ये पुरे झाले. वरच्या पुतळ्याची १९२२ मध्ये विजेने मोडतोड झाली आणि नंतर तो दुरुस्त करण्यात आला. मॅसॅचूसेट्स राज्याच्या मुद्रेवर मूळ रहिवाशाच्या आकृतीवर उगारलेला तलवारीचा हात आहे. ती तलवार स्टँडिशच्या तलवारीवरून घेतल्याचे मानले जाते. ही मुद्रा बदलावी का, याचा विचार करण्यासाठी २०२१ मध्ये राज्याने आयोग स्थापन केला.