दहा विजय, दहा पराभव आणि एकमताने सर्वोत्तम

२०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) मान, पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला मिळाला. तोही एकमताने. ही बातमी मी आमच्या नेरूळच्या रविवार-क्रिकेटच्या ग्रुपवर टाकली. त्याच्या नावापुढे १० विजय आणि १० पराभव पाहून पहिलाच प्रतिसाद आला: "निम्मे सामने हरणारा सर्वोत्तम? मग आपला पिंट्या काय वाईट?" पिंट्याची गोलंदाजी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण प्रश्न रास्त आहे.

बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या खात्यावर मांडायची जुनी पद्धत आहे. सामना सुरू करणाऱ्या पिचरने नऊपैकी किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ पुढे असला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा. यातलं त्याच्या हातात किती आहे? त्याच्या संघाचे फलंदाज किती धावा काढतात हे नाही. तो गेल्यावर येणारे पिचर काय दिवे लावतात हेही नाही. पायरेट्स त्या मोसमात धावा काढण्यात अगदी तळाला होते, त्यामुळे स्कीन्सने दोन धावा दिल्या तरी सामना हातचा जायचा. १९९० साली मात्र तिथल्या दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगच्या पुरस्कारात बॉब वेल्चचे २७ विजय रॉजर क्लेमेन्सच्या १.९३ या आकड्यावर भारी पडले होते. हा १.९३ कसला, ते आता पाहू.

तो ईआरए. पिचरने दर नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या, याचा आकडा. चारच्या आसपास म्हणजे साधारण, तीनच्या खाली उत्तम, दोनच्या खाली दुर्मीळ. स्कीन्सचा १.९७ होता. क्षेत्ररक्षकाच्या उघड चुकीमुळे झालेल्या धावा यात धरत नाहीत, म्हणून वरवर हे माप न्याय्य वाटतं. मेख 'उघड' या शब्दात आहे. हातात आलेला चेंडू सोडला तर चूक लागते. पण जो क्षेत्ररक्षक मुळातच जड, उशिरा निघालेला आणि चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या नावावर काहीच लागत नाही. ती धाव बिनबोभाट पिचरच्या खात्यात जाते.

२ नोव्हेंबर २०२५ चा रविवार आठवा. इथे नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत, पावसामुळे उशिरा सुरू झालेली. दक्षिण आफ्रिकेपुढे २९९ चं लक्ष्य आणि लॉरा वुल्व्हार्ट शतक ठोकून उभी. तिने दीप्ती शर्माला उंच फटका मारला. सीमेजवळून अमनजोत कौर धावत आली. चेंडू हाताला लागला, निसटला, पुन्हा उडाला आणि तिसऱ्या प्रयत्नात एकदाचा हातात बसला. दीप्तीच्या नावावर शेवटी ३९ धावांत ५ बळी लागले. तो झेल सुटला असता, तरी दीप्तीने टाकलेला चेंडू तोच राहिला असता.

त्याच दिवशी, आपल्याकडे सकाळ असताना, टोरांटोत वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीचा, सातवा आणि शेवटचा सामना चालू होता. नवव्या डावात ४-४ अशी बरोबरी, तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, टोरांटोचे धावक. चेंडू लॉस एंजेलिस डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोच्या हातात. हा एरवी सामना सुरू करणारा पिचर. आदल्याच सामन्यात ९६ चेंडू टाकून आलेला. फलंदाजाने चेंडू खोलवर मारला आणि त्याच डावात बदली म्हणून मैदानात उतरलेल्या अँडी पाहेसने आपल्याच सहकाऱ्यावर आदळत तो झेलला. तो पडला असता तर डॉजर्सचा खेळ तिथेच आटोपला असता. पडला नाही. डॉजर्स जादाच्या अकराव्या डावात ५-४ ने जिंकले आणि विजय लागला यामामोतोच्या नावावर.

मग पिचर किती चांगला हे मोजताना यातलं त्याचं किती आणि इतरांचं किती, हे वेगळं कसं काढायचं? २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने याचं जे उत्तर दिलं, त्याने बेसबॉलच्या जगात खळबळ उडाली. त्याने पिचरच्या कामाचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात क्षेत्ररक्षकांचा संबंधच येत नाही अशा गोष्टी: स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये (हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या चांगल्या चेंडूंत) फलंदाज बाद; वॉक, म्हणजे चार चेंडू स्ट्राइक झोनच्या (फटक्याजोग्या टप्प्याच्या) बाहेर पडल्यामुळे फलंदाजाला फुकटचा पहिला बेस; आणि होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेला फटका. दुसऱ्या ढिगात बॅटला लागून मैदानात पडलेले बाकी सगळे चेंडू. यातले सरासरी ३० टक्के हिट होतात, म्हणजे फलंदाज सुखरूप बेस गाठतो, आणि ७० टक्क्यांवर फलंदाज बाद होतो. हिटच्या या टक्केवारीला बॅबिप म्हणतात.

मॅक्रॅकनला दिसलं ते असं. पहिल्या ढिगातले आकडे पिचरला वर्षानुवर्षं चिकटून राहतात. यंदा भरपूर स्ट्राइकआउट घेणारा पुढच्या वर्षीही घेतो. दुसऱ्या ढिगातले राहत नाहीत. यंदा ज्याच्या चेंडूंवर २७ टक्केच हिट झाले, त्याच्यावर पुढच्या वर्षी ३२ टक्के होऊ शकतात. त्याचं काहीही बिघडलेलं नसताना.

हे पचायला जड आहे. चांगल्या पिचरच्या चेंडूवर फटका कमकुवतच बसणार, असं कुणालाही वाटेल. पण टक्कर कशी होते ते बघा. चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने ०.४ सेकंदात येतो. बॅट गोल, चेंडूही गोल. दोघांचा स्पर्श सुमारे एक हजारांश सेकंदाचा. बॅट काही मिलिमीटर खाली लागली तर सरळसोट फटक्याचा उंच, आळशी झेल होतो. काही मिलिमीटर वर लागली तर चेंडू जमिनीवर आपटत जातो. फलंदाजाला बॅट चेंडूला लावू द्यायची की नाही, यावर पिचरचा बराच ताबा असतो. एकदा लागल्यावर ती कुठे लागली आणि चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला की थेट एकाच्या हातात, यावर फारच थोडा.

आता माझा आवडता भाग. घरात चिंचोके असतील तर दहा घ्या, तिघांवर चुन्याचा ठिपका द्या आणि डब्यात टाका. न बघता एक काढा, नोंद करा, परत टाका. ठिपका आला तर हिट. असं ५०० वेळा करा. सुरुवात करणारा पिचर एका मोसमात साधारण इतकेच चेंडू मैदानात पडू देतो. ठिपक्यांची अपेक्षित संख्या १५०. पण नेमके १५० क्वचितच येतील. किती इकडेतिकडे होतील हे सांगणारं सूत्र बारावीच्या संख्याशास्त्रात असतं: ५०० गुणिले ०.३ गुणिले ०.७, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर १० च्या थोडं वर. म्हणजे बहुतेक वेळा, सुमारे ९५ टक्के वेळा, ठिपके १३० ते १७० मध्ये येतील. डबा तोच, चिंचोके तेच.

या २० हिटची किंमत किती? जो चेंडू झेल व्हायचा तो हिट झाला, की सरासरी पाऊण धाव वाढते. २० हिट म्हणजे १५ धावा. मोसमात १८० डाव टाकले तर ते नऊ-नऊ डावांचे २० सामने झाले. १५ भागिले २० म्हणजे ०.७५. ज्याची खरी कुवत ईआरए ४ ची आहे, तो निव्वळ योगायोगाने एका वर्षी ३.२५ वर दिसू शकतो आणि दुसऱ्या वर्षी ४.७५ वर. पहिल्या वर्षी त्याला करोडोंचा करार मिळेल, दुसऱ्या वर्षी डच्चू.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते ठाऊक आहे. आयपीएलच्या दिवसांत चॅनेलवाले ज्योतिषी बसवतात आणि एखाद्या गोलंदाजाची साडेसाती कधी संपणार ते सांगतात. कुणी जर्सीचा नंबर बदलतं, कुणी नावात एक अक्षर वाढवतं. वाईट मोसमानंतर बहुधा बरा मोसम येतोच, आणि श्रेय जातं अंगठीला. शनी कुठे बसलाय हे विचारण्याआधी वरचं वर्गमूळ एकदा काढून बघा. अंगठी विकणारा आणि 'मानसिक कणखरता वाढली' असं सांगणारा समालोचक यांच्यात मला तरी फार फरक वाटत नाही. दोघंही सरासरीकडे परतणाऱ्या आकड्याला गोष्ट चिकटवतात.

बोस्टन रेड सॉक्सचा पिचर पेद्रो मार्टिनेझ याचं उदाहरण याबाबत वारंवार दिलं जातं, आणि ते आहेच तसं. १९९९ मध्ये त्याचे मैदानात पडलेले ४६७ चेंडू, त्यांतले १५१ हिट: ३२ टक्के. २००० मध्ये ४७० चेंडू आणि १११ हिट: २४ टक्के. तोच पिचर, तोच संघ, ४० हिट कमी. ईआरए २.०७ वरून १.७४ वर आला आणि जगाने म्हटलं, काय सुधारला! पण पहिला ढीग बघा. १९९९ मध्ये २१३ डावांत ३१३ स्ट्राइकआउट, ३७ वॉक, ९ होम रन. २००० मध्ये २१७ डावांत २८४ स्ट्राइकआउट, ३२ वॉक, १७ होम रन. त्याच्या एकट्याच्या हातातलं काम १९९९ मध्येच सरस होतं. (२४ टक्के हा आकडा चिंचोक्यांच्या हिशेबानेही फारच खाली आहे. पण शेकडो पिचरच्या कित्येक वर्षांतून मी सगळ्यात ठळक तेच उचलून तुमच्यापुढे ठेवलंय, हे विसरू नका.)

या पहिल्या ढिगावरून एकच आकडा काढायचं सूत्र टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने दिलं. त्याला फिप म्हणतात. होम रनना १३ ने गुणा. वॉक आणि चेंडू अंगावर लागून दिलेले बेस यांची बेरीज ३ ने गुणून त्यात मिळवा. स्ट्राइकआउटना २ ने गुणून वजा करा. आलेल्या उत्तराला डावांनी भागा आणि ३.१ च्या आसपासचा एक स्थिरांक मिळवा, म्हणजे आकडा ईआरएच्याच पट्टीवर येतो. १३, ३, २ आकाशातून पडलेले नाहीत. मैदानात पडलेल्या सरासरी चेंडूच्या तुलनेत होम रन सुमारे १.४ धावांनी महाग, वॉक एक तृतीयांश धावेने महाग आणि स्ट्राइकआउट पाव धावेहून किंचित कमी फरकाने स्वस्त. प्रत्येकाला नऊ डावांच्या ९ ने गुणा आणि पूर्णांक करा. पेद्रोचा चेंडू १९९९ मध्ये ९ वेळा फलंदाजाच्या अंगावर लागला होता. ११७ अधिक १३८ वजा ६२६ म्हणजे उणे ३७१. भागिले २१३.३ म्हणजे उणे १.७४. स्थिरांक मिळवून १.३९. २००० साठी हेच करा, २.१७ येतं. ईआरए एक सांगतो, फिप नेमकं उलटं.

स्कीन्सचा फिप २.३६ होता, म्हणजे योगायोग बाजूला सारला तरी माणूस अव्वलच.

सूत्राला अपवाद आहेत. चेंडू जवळजवळ न फिरवता, डगमगत टाकणारे नकलबॉल पिचर मैदानातल्या चेंडूंवरही खरोखर थोडे कमी हिट देतात. बाकीच्यांतही थोडा खरा फरक असतो, पण तो इतका लहान की एका मोसमाच्या ५०० चेंडूंत योगायोगाच्या गोंगाटाखाली दबून जातो. दोनेक हजार चेंडूंनंतर कुठे तो निम्मा खरा मानता येतो, आणि तेवढे चेंडू जमायला चार वर्षं लागतात. मैदानाचाही परिणाम आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, चेंडू कमी वळतो आणि जास्त लांब जातो. ठाण्याच्या खाडीच्या दमट हवेत सराव करणाऱ्याला तिथे उभं केलं तर आपला चेंडू वळायचं विसरला की काय, असं त्याला वाटेल.

२०१५ पासून मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्तराच्या, सगळ्या मैदानांवर रडार आणि कॅमेरे लागले. आता प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन नोंदला जातो. त्यामुळे फटका कमकुवत बसला आणि तरी हिट झाला, हे वेगळं काढता येतं. आपल्याकडे या सगळ्यातून वेगाचा आकडा तेवढा उचलला गेला. नवी मुंबईतल्या एका अकादमीच्या पत्रकावर स्पीडगन आणि एआय विश्लेषण मोठ्या अक्षरांत होतं, किती फलंदाज बॅट न लावता बाद होतात हे मोजण्याबद्दल अवाक्षर नाही. वेग उपयोगी आहेच. पण २००८ मध्ये भारतात वेगवान फेकणाऱ्यांची स्पर्धा घेऊन निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल करार मिळून पिट्सबर्गकडे गेले, ते दुय्यम स्तरावरच राहिले. मेजर लीगपर्यंत कुणीच पोहोचला नाही.

आणि आपल्या ओव्हरआर्म टेनिस स्पर्धा! घणसोली-कोपरखैरण्यापासून ठाण्यापर्यंत हिवाळाभर चालतात. उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस जातं ते मोजक्या षटकांतल्या बळींवर. ५०० चेंडूंत एवढा गोंधळ, तर ३० चेंडूंत किती? आयोजकांनी खुशाल बक्षीस द्यावं, मजा आहे. फक्त त्या आकड्यावर पुढच्या वर्षीचा संघ निवडू नये.

अमेरिकेत हा वाद अजून मिटलेला नाही. पिचरचं एकूण मोल सांगणाऱ्या दोन प्रसिद्ध मोजपट्ट्या आहेत. एक फिपवर उभी आहे, दुसरी प्रत्यक्ष दिलेल्या धावांतून क्षेत्ररक्षणाचा वाटा वजा करते. पहिलीच्या मते पेद्रोचं १९९९ मोठं, दुसरीच्या मते २०००. माझं मत विचाराल तर पुरस्कार २००० ला द्यावा, कारण त्या धावा खरोखरच झाल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षाचा करार १९९९ बघून करावा. अर्थात २००१ मध्ये पेद्रोचा खांदा दुखावला, मोसमात त्याला १८ सामनेच सुरू करता आले, आणि खांद्यासाठी दोन्हींत रकाना नव्हता.