ताऱ्यांतून झरणारी वाळू

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात चिनी मातीचं एक दौतदान आहे. फ्रान्समधल्या सेव्रच्या कारखान्यात ते १७५८ च्या सुमारास घडलं. राजा पंधरावा लुई याने ते आपल्या मुलीला, मारी-आदेलाईदला, भेट दिलं असावं असं मानतात. सोनेरी मुलाम्याची नक्षी, एका बाजूला पृथ्वीचा गोल, दुसऱ्या बाजूला आकाशाचा आणि मध्ये राजमुकुट. बघणाऱ्याला वाटेल, ही निव्वळ शोभेची वस्तू. पण पृथ्वीच्या पोटात शाई, आकाशाच्या पोटात वाळू आणि मुकुटात नोकराला बोलावायची घंटी! आकाशगोलावरचे तारे म्हणजे भोकं. ताऱ्यांतून ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

टीपकागद सर्रास वापरात आला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी जादा शाई वाळूच टिपायची. कणांमधल्या बारीक फटींत शाई आपोआप ओढली जाते. वाळूचा स्वभावही इथे उपयोगी पडतो. भोक कणाच्या जेमतेम दुप्पट-तिप्पट असेल, तर कण एकमेकांना अडवून भोकावर कमान धरतात आणि वाळू थांबते. हलवलं की कमान मोडते, चिमूटभर वाळू पडते, पुन्हा कमान. पाण्याची धार भांडं रिकामं होत जाईल तशी मंदावते. वाळूचा बराचसा भार मात्र भांड्याच्या भिंती पेलतात, त्यामुळे भांडं भरलेलं असो की अर्धं, मोठ्या भोकातूनही ती जवळपास एकाच गतीने पडते.

शाईचं प्रकरण जास्त नाजूक. त्या काळची शाई मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ), हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि डिंक यांची. मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह यांचं संयुग सुरुवातीला फिकट असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की काळं होतं. कागदावर हे हवंच असतं, पण दौतीत झालं तर तळाशी गाळ साचतो. म्हणून दौतीला झाकण लागतं. शिवाय ही शाई आम्लधर्मी. लोखंड किंवा तांबं तिच्यात हळूहळू झिजतं, तर चिनी मातीवरची काचेसारखी झिलई तिला दाद देत नाही. धातूच्या दौतदानांतही शाईसाठी काचेची किंवा चिनी मातीची वेगळी कुपी बसवत, ती याचसाठी.

मुलामा सगळ्यात शेवटी. सोन्याची पूड लावून भांडं कमी आचेवर पुन्हा भाजत. भट्टीतून निघालेलं सोनं मंद, निस्तेज दिसे. अकीकासारख्या कठीण दगडाने घासघासून त्याला झळाळी आणत. सोनं ना हवेशी संयोग पावतं, ना शाईतल्या आम्लाशी. त्या काळच्या कितीतरी पत्रांवरची शाई आता तपकिरी पडली आहे, काही ठिकाणी तर तिने अक्षरांखालचा कागदच खाल्ला आहे. दौतदानावरचं सोनं अजून चमकतं आहे.