लॅक्टमला ॲसिडचे चार थेंब पुरत नाहीत

पुण्यातल्या क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘लॅक्टमच्या, म्हणजे वलयी अमाइडच्या हायड्रोलिसिसमध्ये ॲसिड नुसतं उत्प्रेरक, चार थेंब पुरे.’ (हायड्रोलिसिस म्हणजे पाण्याने बंध तोडणं; अमाइडमध्ये कार्बोनिल, म्हणजे C=O, नायट्रोजनला जोडलेला असतो.) नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन असलेल्या एस्टरपुरतं हे चालतं, लॅक्टमला नाही.

सुरुवात सारखीच होते. प्रोटॉन कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर बसतो (नायट्रोजनवर नव्हे, तिथली इलेक्ट्रॉनची जोडी कार्बोनिलकडे गुंतलेली असते), पाणी कार्बनवर चाल करून येतं आणि वलय उघडतं. खरी गोम पुढेच आहे. मोकळा झालेला अमाइन गट पडला बेस. तो एक प्रोटॉन पकडतो आणि परत देत नाही. ॲसिड खर्ची पडलं! ११.३ ग्रॅम कॅप्रोलॅक्टम, म्हणजे ०.१ मोल घेतलं, तर १२ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड निदान ८.३ मिली तरी हवंच. प्रत्यक्षात जास्तच घालतात आणि बराच वेळ उकळतात. हाती येतं ६-अमिनोकॅप्रोइक ॲसिडचं हायड्रोक्लोराइड (क्षार): वलय नुसतं उघडतं, म्हणून एकच रेणू, दोन तुकडे नव्हेत.

सगळीच लॅक्टम इतकी चिवट नसतात म्हणा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५पासून पेनिसिलिन बनू लागलं. तेही लॅक्टमच, पण त्याचं चार अणूंचं वलय ताणलेलं असतं, म्हणून सहज उघडतं. पेनिसिलिन जी तर पोटातल्या ॲसिडनेच मोडतं, म्हणून ते इंजेक्शनने देतात.