संगणक देखभाल व सल्ला व्यवसाय (स्वतंत्र)

संगणकाची जोडणी, दुरुस्ती, नियमित देखभाल आणि खरेदीविषयीचा सल्ला ही कामे स्वतःच्या नावावर करणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाचा किंवा दोन-चार जणांचा व्यवसाय. असा व्यावसायिक कोणत्याही उत्पादक कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र नसतो. बोलीत त्याला ‘कॉम्प्युटरवाला’ किंवा ‘हार्डवेअरवाला’ म्हणतात. कार्यालयांतून ‘इंजिनिअर येणार आहे’ असे सांगितले जाते, तेव्हाही बहुधा हाच माणूस अभिप्रेत असतो. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी असतेच असे नाही. दवाखाने, सनदी लेखापाल, वकील, पतसंस्था, शाळा, डीटीपी (संगणकावर अक्षरजुळणी व पानमांडणी करणारी) केंद्रे, छापखाने व लहान कारखाने हे त्याचे मुख्य ग्राहक. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व्यवसायाचा विचार प्रामुख्याने केला आहे.

उगम : या व्यवसायाचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. पहिल्या मतानुसार त्याची मुळे मोठ्या संगणकांच्या काळात आहेत. आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतात संगणक प्रामुख्याने भाड्याने देई आणि देखभाल त्या भाड्यातच धरलेली असे. त्यामुळे देखभाल ही वेगळी विकत घेण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच सहसा उद्‌भवत नसे. परकीय चलन नियमन कायद्यातील (१९७३) भागभांडवलाच्या अटी मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये देशातून काढता पाय घेतला. तत्पूर्वी, १९७५ च्या अखेरीस, केंद्र सरकारने कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली होती. पुढे सीएमसी या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीकडे आयबीएमच्या यंत्रांची देखभाल आली. यंत्र एकाचे आणि देखभाल करणारा दुसराच, ही व्यवस्था भारतात मोठ्या प्रमाणावर रुजली ती येथपासून. अशा कंपन्यांत तयार झालेले तंत्रज्ञ पुढे बाहेर पडून स्वतंत्रपणे कामे घेऊ लागले, असे हे मत मानणारे सांगतात.

दुसरे मत हा व्यवसाय रेडिओ, दूरचित्रवाणी संच व कॅल्क्युलेटर यांच्या दुरुस्तीच्या दुकानांतून वर आला असे मानते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध व शुल्क सैल झाले, सुट्या भागांतून जोडलेले ‘असेंबल्ड’ संगणक बाजारात आले, आणि ज्याच्या हाती सोल्डरिंगची डाक व मल्टिमीटर आधीच होते तोच ते उघडू लागला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यातील बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे दोन्ही बाजार इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाचे; संगणकाचा माल त्यांत नंतर मिसळला. या मताला पुण्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. कैलाश काटकर यांनी १९९० च्या सुमारास कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान काढले, १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली, आणि दुरुस्तीला येणारी यंत्रे वारंवार विषाणूबाधित निघत असल्याने बंधू संजय यांनी लिहिलेली प्रतिविषाणू प्रणाली १९९५ मध्ये ‘क्विक हील’ या नावाने विक्रीस आली. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

दोन्ही मतांत तथ्य आहे, पण ती एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. देखभाल कराराची भाषा (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणजे बिघाडाआधीची देखभाल, कॉल म्हणजे तक्रार, रिस्पॉन्स टाइम म्हणजे तक्रारीवर येण्याची मुदत, सही घ्यायचा कॉल रिपोर्ट) उघडच मोठ्या यंत्रांच्या दालनातून आलेली आहे. हातातले कसब मात्र रेडिओच्या दुकानाचे दिसते. तालुक्याच्या गावांपुरते बोलायचे, तर दुसरे मत अधिक पटणारे आहे. तेथे मोठा संगणक कधी पोचलाच नव्हता.

जाता जाता एक नोंद करणे वावगे ठरणार नाही. १९८६ मध्ये पसरलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकावरील पहिल्या ज्ञात विषाणूंपैकी एक. तो लाहोरच्या अशाच एका लहान संगणक दुकानातला. बासित व अमजद फारूक अल्वी या भावांनी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा भाग) दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. कॅबिनेटवर आपल्या नावाचे व नंबराचे स्टिकर चिकटवायची सवय या धंद्यात सार्वत्रिक आहे. हा तिचा टोकाचा प्रकार.

कामाचे स्वरूप : ‘मशीन स्लो झालंय’, ‘डिस्प्ले येत नाही’ आणि ‘प्रिंट निघत नाही’ या तीन तक्रारींत कामाचा मोठा भाग येतो. डिस्प्ले येत नसेल तर तंत्रज्ञ कॅबिनेटचे झाकण काढतो, ब्लोअरने धूळ उडवतो, रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडांवरून शाळेतला खोडरबर फिरवतो आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत खाचेत दाबतो. दमट हवेत कडांवर साचलेला थर खोडरबराने निघतो व संपर्क पूर्ववत होतो. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात एवढ्यावरच भागण्याचे प्रसंग बरेच येतात. अशा वेळी दहा मिनिटांच्या कामाचे पैसे मागायचे कसे, हा या धंद्यातला जुना पेच आहे. अनुभवी लोक म्हणून खोडरबर शक्यतो ग्राहकासमोर बाहेर काढत नाहीत. त्यानेही न भागल्यास एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून पाहणे, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आहेत का हे पाहणे, घड्याळाची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी मोजणे हा क्रम ठरलेला. बोर्ड वारंवार जात असतील तर न्यूट्रल व अर्थिंग यांमधला दाब मोजतात. तो तीन-चार व्होल्टच्या वर दिसला, की दोष वायरिंगचा. संगणकवाल्याने मग वायरमनकडे बोट दाखवायचे आणि वायरमनने संगणकवाल्याकडे, असा प्रघात आहे.

छपाईच्या तक्रारी बहुतांशी प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजमधली सोय) थांबवून अडकलेल्या फायली पुसण्याने मिटतात. याला लक्षणीय अपवाद २०२१ चा. प्रिंट स्पूलरमधील गंभीर सुरक्षादोष त्या वर्षी उघडकीस आला. तो बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने आणलेल्या सुधारणांनंतर सप्टेंबरपासून अनेक कार्यालयांतले सामायिक प्रिंटर एकाएकी बंद पडले व पडद्यावर ‘११बी’ने संपणारा त्रुटी-क्रमांक येऊ लागला. बहुतेकांनी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) एक नोंद शून्य करून प्रिंटर चालू केले. म्हणजे सुरक्षेची कडी काढून ठेवली. ग्राहकाला तसे सांगणारे थोडे असावेत.

मराठी अक्षरसंचांचे काम हे महाराष्ट्रातील व्यवसायाचे खास अंग. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींतील जुने अक्षरसंच युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांच्या सामायिक संगणकीय संकेतप्रणालीच्या आधीचे) असून, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हे बसवण्याच्या युक्तीवर ते चालतात. प्रत्येक प्रणालीची मांडणी वेगळी. परिणामी तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठी मजकूर रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. नवशिक्याने ‘फॉरमॅट मारताना’ (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकताना) फॉन्टचा फोल्डर बाजूला न काढल्यास वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल व पुस्तके फायली शाबूत असूनही वाचता येत नाहीत. युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली, पण छापखान्यांत रूढ असलेल्या पेजमेकर या पानमांडणीच्या प्रणालीला ती नव्हती व त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. पेजमेकरमधले काम टिकवायचे तर जुना फॉन्ट हवा, आणि तो नीट चालावा म्हणून जुनी विंडोजही हवी. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुधारणा) संपल्यानंतरही अनेक डीटीपी केंद्रांत एक एक्सपीचे यंत्र इंटरनेटपासून तोडून जपून ठेवलेले आढळे, ते यामुळे. असे यंत्र जिवंत ठेवणारा माणूस त्या छापखान्याला घरच्यासारखा असतो.

वार्षिक देखभाल करार : बोलीत ‘एएमसी’. सुटे भाग धरून केलेला तो कॉम्प्रिहेन्सिव्ह व केवळ श्रमाचा तो नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह. पहिल्या प्रकारातही यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रिंटरचे हेड, टोनर, प्लास्टिकचे भाग व ‘वीज पडून झालेले नुकसान’ वगळण्याची रीत आहे. लहान व्यावसायिक बहुधा दुसराच प्रकार पसंत करतात. करार नसलेल्या ग्राहकाकडून दर फेरीस ‘व्हिजिट’ (फेरीचे शुल्क) घेतली जाते.

या करारावर मुळातून करकपात (टीडीएस) कोणत्या कलमाखाली करायची, हा प्रश्न बराच गुंतागुंतीचा ठरला आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १९४सी मध्ये कंत्राटी कामाची व १९४जे मध्ये व्यावसायिक अथवा तांत्रिक सेवेच्या शुल्काची तरतूद होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ ऑगस्ट १९९५ च्या ७१५ क्रमांकाच्या परिपत्रकात खुलासा केला, की सुट्या भागांसह असलेले नेहमीचे देखभाल करार १९४सी खाली येतील. मात्र तांत्रिक सेवा दिली जात असेल तर १९४जे लागू होईल. संगणकाची देखभाल करताना तांत्रिक सेवा नेमकी केव्हा सुरू होते, हे परिपत्रक सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून १९४जे मध्येच दोन दर झाले : केवळ तांत्रिक सेवेस २ टक्के, व्यावसायिक सेवेस १० टक्के. व्यावसायिक सेवेच्या व्याख्येत ‘तांत्रिक सल्ला’ आहे. त्यामुळे एखाद्या व्यक्तीला वर्षाचे ६०,००० रुपये एकरकमी दिले, तर कंत्राट मानल्यास ६०० रुपये, तांत्रिक सेवा मानल्यास १,२०० रुपये आणि तांत्रिक सल्ला मानल्यास ६,००० रुपये कापले जातील. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर हिशेबात मिळते हे खरे, पण महिना कसाबसा भागवणाऱ्यास वर्षभर थांबणे जड जाते. बिलावर ‘सर्व्हिस’ लिहायचे की ‘कन्सल्टन्सी’, याबद्दल जाणकार सनदी लेखापाल सावध राहण्याचा सल्ला देतात तो याकरिता.

हाच भेद अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदींतही आडवा येई. कलम ४४एडी खाली लहान धंद्याचे उत्पन्न उलाढालीच्या ८ टक्के (बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के) धरत. पण ४४एडीए मधील व्यवसायांना, ज्यांत तांत्रिक सल्ला मोडतो, किमान ५० टक्के धरावे लागे. दहा लाखांच्या जमेवर एका कलमाने ८०,००० आणि दुसऱ्याने ५ लाख, इतके अंतर. सुटे भाग विकणारा व दुरुस्ती करणारा पहिल्यात आणि निव्वळ सल्लागार दुसऱ्यात, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्षात एकच माणूस सकाळी माऊस विकतो, दुपारी हार्ड डिस्क बदलतो आणि संध्याकाळी पतसंस्थेला कोणता सर्व्हर घ्यावा हे सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

इतर कायदे : दुकान असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद लागते. त्याला अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात, जरी १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा आला असला तरी. नव्या कायद्यात मुळात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले होते. वस्तू व सेवा कर दुरुस्तीवर १८ टक्के असून निव्वळ सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे.

नवा संगणक घेताना ‘विंडोज ओरिजिनल टाकू का साधी?’ असा प्रश्न अनेक दुकानांत सहजपणे विचारला जात असे. ‘साधी’ म्हणजे विनापरवाना. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार विनापरवाना प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस व कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कैद माफ करू शकते. हे कलम वापरणाऱ्यावर रोखलेले आहे, आणि टाकून देणारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. ग्राहकाची माहिती हा याहून नाजूक विषय. दुरुस्तीला आलेल्या डिस्कवर रुग्णांची यादी, पतसंस्थेची खाती, घरातले फोटो असे सगळेच असते. मालकाच्या परवानगीवाचून माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. करारान्वये हाती आलेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या हेतूने उघड केल्यास, २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७२ए खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

दूरस्थ सेवा : ग्राहकाचा संगणक दुरून चालवू देणाऱ्या टीमव्ह्यूअर (२००५) व एनीडेस्क (२०१४) यांसारख्या साधनांमुळे बऱ्याच फेऱ्या वाचल्या, २०२० च्या टाळेबंदीत तर दुसरा मार्गच नव्हता. फेरीच नसेल तर ‘व्हिजिट’ कशी लावायची, हा नवा प्रश्न त्यातून आला. एनीडेस्कचा वापर फसवणुकीसाठी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना दिला होता. तेव्हापासून जोडणीसाठी ‘पडद्यावरचा तो नंबर सांगा’ म्हटले की जुने ग्राहकही बिचकतात आणि आधी फोन करून आवाजाची खात्री करून घेतात.

सल्ला : खरेदीविषयीच्या सल्ल्याचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत, ते विकलेल्या मालाच्या नफ्यातून निघतात. ग्राहकाने सल्ला घेऊन माल ऑनलाइन मागवला, की हे गणित मोडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि जुन्या प्रोसेसरची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याने असा फुकटचा सल्ला फार मागितला जाऊ लागला.

एकट्याच्या धंद्यात ग्राहकांचे राउटरचे, सर्व्हरचे व ई-मेलचे पासवर्ड बहुधा त्या माणसाच्या डायरीत किंवा फोनमध्ये असतात. तो आजारी पडला किंवा त्याने नोकरी धरली, तर पुढे येणाऱ्याला राउटर रिसेट करण्यापासून सुरुवात करावी लागते. काही जण म्हणून पासवर्डांची यादी बंद पाकिटात घालून ग्राहकाच्या कपाटात ठेवतात आणि पाकिटावर तारीख टाकतात.