शेवंड आणि बटाटा : ट्रिस्टन द कुन्हा बेटावरील जगण्याची पार्श्वभूमी

दक्षिण अटलांटिक महासागरात, केप टाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर आणि सेंट हेलेनापासून सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावर, ट्रिस्टन द कुन्हा नावाचा एक ज्वालामुखी समुद्रातून थेट दोन हजार मीटरहून अधिक उंच उभा आहे. त्याच्या वायव्य पायथ्याशी असलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर एकच गाव वसलेले आहे. कागदोपत्री त्याचे नाव ‘एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज’ असे असले तरी गावकरी त्याला नुसते ‘वस्ती’ म्हणतात. माणसे अडीचशेहून कमी. विमानतळ नाही, केप टाऊनहून वर्षाकाठी मोजक्याच फेऱ्या करणाऱ्या जहाजाने जायचे म्हटले तर समुद्र शांत असताना जवळपास आठवडा लागतो, आणि बंदरापाशी पोहोचूनही लाटा ओसरेपर्यंत जहाजावरच बसून राहावे लागते.

या गावाची मिळकत आज मुख्यतः एका प्राण्यावर चालते, तो म्हणजे शेवंड (लॉबस्टर). बेटाभोवतीच्या थंड पाण्यात मिळणारी ही शेवंड गोठवून अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या बाजारांत जाते आणि तिला चांगला भाव मिळतो. तरीही गावातले प्रत्येक कुटुंब, मग घरातला कर्ता माणूस सरकारी नोकर असो की मासेमार, स्वतःच्या बटाट्याच्या वाफ्यांत स्वतः राबते. हातात पैसा आल्यावरही या लोकांनी माती का सोडली नाही, याचे उत्तर बेटाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे. ‘जुनी सवय’ म्हणून ते बाजूला सारणे बरोबर होणार नाही, असे मला वाटते.

पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताव द कुन्हा याने १५०६ साली हे बेट पाहिले आणि त्याचे नाव बेटाला मिळाले. त्यानंतर तीनशे वर्षे तिथे कायमची वस्ती झाली नाही. येणारी-जाणारी जहाजे पाणी भरत, सीलची शिकार करत आणि निघून जात. अमेरिकेतील सेलम गावचा जोनाथन लॅम्बर्ट १८११ च्या सुमारास मोजक्या साथीदारांसह तिथे राहायला आला. जहाजांना ताजी भाजी आणि मांस पुरवण्याचा त्याचा विचार होता आणि त्याने बेटांना नावही ‘विसाव्याची बेटे’ अशा अर्थाचे दिले होते; पण १८१२ मध्ये तो समुद्रात बुडून मरण पावला. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवल्यानंतर त्याच्या सुटकेसाठी कोणी ट्रिस्टनचा तळ म्हणून वापर करू नये, या काळजीने ब्रिटिशांनी १८१६ च्या ऑगस्टमध्ये बेट ताब्यात घेऊन तिथे लष्करी तुकडी ठेवली. वर्षभरातच ती परत बोलावण्यात आली, तेव्हा स्कॉटलंडमधील केल्सोचा कॉर्पोरल विल्यम ग्लास याने पत्नी आणि मुलांसह तिथेच राहण्याची परवानगी मागितली. आणखी दोघे त्याच्यासोबत थांबले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये या तिघांनी एक करार लिहून सह्या केल्या. जनावरे आणि साठा सर्वांच्या समान मालकीचा, नफा सारखा वाटला जाईल, खरेदीचा खर्चही सारखा उचलला जाईल, आजारपण सोडल्यास प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम करायचे आणि कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा गाजवायचा नाही, असा त्याचा आशय आहे. हा कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेला आहे. सैन्यातली हुद्द्यांची उतरंड अंगवळणी पडलेल्या माणसांनी अधिकारी निघून जाताच हुद्दाच नको असे लिहून द्यावे, ही या इतिहासातली मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट आहे. करार शब्दशः पुढे टिकला नाही. कुटुंबे वाढली, तशी घरे, वाफे आणि जनावरे ज्याची त्याची झाली. जमीन मात्र सामाईकच राहिली, आणि एकाने फार पुढे जाऊ नये, एकाने फार मागे पडू नये, ही जाणीव गावाच्या नियमांत उतरली.

माणसे वाढली ती समुद्राच्या मर्जीने. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया एका जहाजाने बेटावर आल्या आणि एकट्या पुरुषांचे संसार उभे राहिले. १८३६ मध्ये जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला डच खलाशी पीटर ग्रीन तिथेच राहिला आणि पुढे गावाचा पुढारी झाला. १८९२ मध्ये ‘इटालिया’ हे जहाज फुटले तेव्हा कामोली गावचे रेपेत्तो आणि लाव्हारेल्लो हे दोन इटालियन बेटाचे झाले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेत्तो आणि लाव्हारेल्लो या सात आडनावांत जवळजवळ सारे गाव सामावले, ते असे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावाचे बरे चालले होते, कारण गाव जहाजांच्या वाटेवर होते. देवमाशांच्या शिकारीला निघालेली अमेरिकन जहाजे आणि शिडांवर चालणारी व्यापारी गलबते ट्रिस्टनजवळून जात. बेटावरचे लोक होड्या वल्हवत त्यांच्यापर्यंत जात आणि बटाटे, मेंढ्या, कोंबड्या देऊन पीठ, कापड, चहा, खिळे, दोर असे सामान आणत. पैशाचा संबंध क्वचितच येई. पुढे देवमाशांची शिकार ओसरली, वाफेच्या जहाजांना वाऱ्याची वाट धरून जाण्याची गरज उरली नाही आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर पूर्वेकडचा व्यापारच दुसरीकडे वळला. गावाची बाजारपेठ म्हणजे समोरून जाणारी जहाजे. तीच दिसेनाशी झाली. त्यातच १८८२ मध्ये ‘हेन्‍री बी. पॉल’ हे जहाज किनाऱ्यावर आदळले आणि त्यातून उंदीर बेटावर उतरले. आधीच खारे वारे सोसणारी धान्याची शेती त्यांच्यामुळे फारच अवघड झाली, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या बटाट्यावर गावाची भिस्त आणखी वाढली.

जहाजांवर अवलंबून असण्याची किंमत गावाने २८ नोव्हेंबर १८८५ रोजी मोजली. घरात टंचाई होती, आणि ‘वेस्ट रायडिंग’ नावाचे जहाज दूरवर दिसले. खवळलेल्या समुद्रात गावातले १५ धडधाकट पुरुष एका नव्या होडीतून विनिमयासाठी निघाले. त्यांतला एकही परतला नाही. एवढ्याशा गावातली कमावती पिढी एका दिवसात गेली आणि मागे प्रामुख्याने विधवा, मुले आणि म्हातारी माणसे उरली. ब्रिटिश सरकारने बेट सोडण्यास सुचवले. काही कुटुंबे गेलीही. बाकीच्यांनी राहायचे ठरवले. पुढची काही दशके टोकाच्या एकाकीपणाची होती. कित्येक महिने एकही जहाज येत नसे.

या काळात गाव जगले ते वाफ्यांवर. वस्तीपासून पश्चिमेला सुमारे चार किलोमीटरवर, डोंगराचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये, बटाट्याची वाडी आहे. बारीक-बारीक तुकडे, प्रत्येकाभोवती लाव्ह्याचे काळे दगड रचून केलेले कमरेएवढे बांध. हे बांध हद्द दाखवण्यापुरते नाहीत. वारा अडवण्याचे खरे काम तेच करतात, कारण तिथल्या वादळात उघड्यावरचे हिरवे रोप एका रात्रीत करपून जाते. खत म्हणून मेंढ्यांच्या लेंड्या आणि समुद्री पक्ष्यांची विष्ठा वापरत आले आहेत. पक्ष्यांची विष्ठा, अंडी आणि चरबी आणायला होड्या ३५-४० किलोमीटरवरच्या नाइटिंगेल बेटावर जात. त्या होड्याही पाहण्यासारख्या. बेटावर सरळ वाढणारे झाड नसल्याने लाकडाचा हलका सांगाडा करून त्यावर किंतान ताणायचे आणि रंगाचे थर द्यायचे, म्हणजे माणसांना उचलून किनाऱ्यावर ओढता येईल अशी हलकी होडी तयार होते. घर शाकारणे, होडी बांधणे, बटाटे काढणे ही कामे एकमेकांच्या मदतीने होत. आपल्या कोकणात जिला सावड म्हणतात, तिच्याशी याचे फार साम्य आहे. मदतीला आलेल्यांना जेवू घालायचे, आणि त्यांचे काम निघाले की आपण जायचे.

पैसा बेटावर खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने तिथे हवामान आणि बिनतारी संदेशांचे गुप्त केंद्र उभारले. नौदलासोबत डॉक्टर, शाळा, दुकान आणि मजुरी या गोष्टी आल्या. त्याआधी मोजमापाचे साधन काय होते, हे १९४६ मध्ये सुचवल्या गेलेल्या एका टपाल तिकिटावरून दिसते. सर्वेक्षक अॅलन क्रॉफर्ड यांनी तयार केलेल्या त्या तिकिटावर किंमत छापली होती एक पेनी, आणि सोबत ‘चार बटाटे’. लंडनच्या सरकारने त्याला मान्यता दिली नाही. बेटाची अधिकृत तिकिटे १९५२ मध्ये निघाली आणि संग्राहकांमुळे तीही पुढे उत्पन्नाची एक बाजू झाली. पण त्या चार बटाट्यांत शंभर वर्षांचा हिशेब आहे.

युद्धानंतर १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून एक पाहणी मोहीम आली आणि शेवंडीचा व्यापार शक्य असल्याचे दिसले. कंपनी स्थापन झाली, किनाऱ्यावर डबाबंद करण्याचा कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये पहिला प्रशासक नेमला गेला. एका दशकात गावात पगार, दुकानातले पीठ आणि साखर रुळली. वाफे मात्र चालूच राहिले. कारखान्याचे काम लाटांवर अवलंबून. मासेमारीला जाता येईल असे दिवस वर्षात शंभरही नसतात. मधल्या दिवसांत माणूस वाडीवर जाई.

१९६१ च्या ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसू लागले, दरडी कोसळू लागल्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वस्तीच्या अगदी मागे जमीन फुगून फाटली. १० ऑक्टोबरला सगळे गाव मासेमारी बोटींतून नाइटिंगेल बेटावर गेले, तिथून एका डच जहाजाने केप टाऊनला आणि पुढे इंग्लंडला. घरे बहुतेक वाचली, पण लाव्ह्याने शेवंडीचा कारखाना आणि होड्या लावण्याचे किनारे गिळले. पैशाची बाजू नाहीशी झाली; दगडी बांधांच्या आतली माती तेवढी शिल्लक राहिली.

इंग्लंडमध्ये साउदम्प्टनजवळच्या कॅलशॉट येथे २६४ बेटवासीयांना घरे आणि नोकऱ्या मिळाल्या. हे लोक आता परतणार नाहीत, असा अनेकांचा समज होता. पण सर्दी-खोकल्याच्या साथींनी ते बेजार झाले, आणि घड्याळाच्या काट्यावर, अनोळखी माणसांत, प्रत्येक वस्तू विकत घेऊन जगणे त्यांना मानवले नाही. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५ मते पडली. १९६३ मध्ये गाव परतले. मोकाट राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्यांचे कळप संपवले होते, म्हणून सुरुवात पुन्हा बटाटे लावण्यापासून झाली. १९६७ मध्ये नवे छोटे बंदर झाले. त्याला नाव दिले कॅलशॉट, जिथे दोन वर्षे आसरा मिळाला त्या जागेचे.

परतल्यावर कारखाना पुन्हा उभा राहिला. डब्यांऐवजी माल गोठवून जाऊ लागला. मासेमारीचा परवाना एका वेळी एकाच कंपनीला मिळतो आणि तिच्याकडून येणारा महसूल हाच बेटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो. या समूहातील प्रत्येक बेटाभोवती किती शेवंड पकडायची याची मर्यादा ठरलेली आहे, लहान शेवंडी आणि अंड्यांवर आलेल्या माद्या परत पाण्यात सोडल्या जातात. २०११ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. जमिनीवरचा नियमही त्याच धर्तीचा आहे. कुटुंबाने किती गायी-मेंढ्या ठेवायच्या यावर बंधन आहे. चराऊ रान टिकावे हे एक कारण, आणि एकाच घराकडे संपत्ती साचू नये हे दुसरे. बाहेरच्या माणसाला बेटावर जमीन विकत घेता येत नाही. १८१७ च्या कराराशी याचे नाते उघड आहे.

एकविसाव्या शतकात शेवंडीच्या बाजूला दोनदा मोठा धक्का बसला. फेब्रुवारी २००८ मध्ये कारखान्याला आग लागली आणि गावाला वीज देणारी जनित्रेही त्यात जळाली. नवा कारखाना पुढच्या वर्षी सुरू झाला. मार्च २०११ मध्ये ‘ऑलिव्हा’ हे सोयाबीन वाहून नेणारे जहाज नाइटिंगेलवर आदळून फुटले. तेलाने माखलेले हजारो पेंग्विन गावकऱ्यांनी होड्यांतून वस्तीवर आणले, धुतले, खाऊ घातले. बरेचसे तरीही वाचले नाहीत. त्या भागातली शेवंडीची मासेमारी बंद ठेवावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटाने आपल्या हद्दीतील जवळपास सात लाख चौरस किलोमीटर समुद्रापैकी नव्वद टक्के भागात मासेमारी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि किनाऱ्यालगतचा शेवंडीचा पट्टा गावासाठी राखून ठेवला.

मासेमारीचा दिवस आजही पहाटे ठरतो. समुद्र आणि वारा पाहून निर्णय झाला की गावात टांगलेल्या जुन्या गॅसच्या सिलिंडरवर ठोके पडतात. तो आवाज ऐकला की सरकारी खात्यांत काम करणारेही कित्येक जण कचेरी सोडून बंदराकडे निघतात, आणि होड्या परतल्यावर कारखान्यात स्त्री-पुरुष रात्री उशिरापर्यंत माल निवडत, बांधत राहतात. ठोके पडले नाहीत, तर कचेरी सुटल्यावर संध्याकाळी तीच माणसे कुदळ घेऊन वाडीच्या रस्त्याला लागतात.